राहून गेलेला ग्लास

ती. ताईस,

पत्राच्या सुरुवातीला दोन्ही हात जोडायचा रिवाज आहे, पण लिंबू कापताना माझ्या डाव्या करंगळीला सुरी लागल्यामुळे सध्या नऊ बोटांचाच नमस्कार पाठवते आहे, तो गोड मानून घे. (दहावं बोट बरं झालं की मागाहून पाठवीन.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर बोलता बोलता तू जिना उतरलीस आणि कळवळलीस, ते मी ऐकलं. तो खोकला होता असं तू म्हणालीस, पण गेली सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या औषधखिडकीत बसते आहे, गुडघ्यातून येणारा खोकला अजून माझ्या पाहण्यात नाही. शाळा कशी चालली आहे? मुख्याध्यापिकाबाई हे पत्र लाल पेन घेऊनच वाचतील हे मी धरून चालले आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका खुशाल काढ. फक्त एक कर, मधे नानांचं नाव आलं की पान उलटू नकोस. पुढची सगळी पानं नानांचीच आहेत, उलटत गेलीस तर थेट सहीवर येऊन थांबशील.

नाना आमच्याकडे राहायला आले त्याला चार महिने झाले. त्यांच्या खोलीची इमारत पाडायला काढली होती, आणि उजवा हात इतका थरथरायला लागला होता की कुलपाला किल्ली लावायला शेजाऱ्याला हाक मारावी लागायची, म्हणून मीच हट्टाने घेऊन आले. सामान म्हणजे कपड्यांची एक पिशवी आणि ती लोखंडी ट्रंक. ट्रंकेत आईचे फोटो नि कागदपत्रं असतील असं मला वाटलं होतं. पुलावरच्या नाक्यावर हवालदाराने झाकण उघडलं तर आत बारची हत्यारं निघाली! स्टीलचा शेकर, गाळणी, हातभर लांब चमचा, दोन तोंडांचं माप, सगळं जुन्या टॉवेलात तान्ह्या बाळासारखं गुंडाळलेलं. आमचा प्रांत कोरडा. इथे दारूचा थेंब बाळगला तरी गुन्हा, पण रिकाम्या शेकरबद्दल कायदा मुका आहे. हवालदाराने तो नाकाला लावून दोन मिनिटं हुंगला आणि म्हणाला, "आजोबा, ह्याला तर कसलाच वास नाही." सुटलो म्हणून मी श्वास सोडला, तर नाना दुखावलेले. वास राहील असं भांडं धुणारा माणूस मी नव्हे, हे त्यांनी त्याला ऐकवलंच, आणि वर भांडं कसं धुवायचं तेही समजावून दिलं. (आमच्या मागे अकरा गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या एकानेही ती माहिती विचारली नव्हती.)

नानांची गोष्ट इथे कुणाला सांगितली तर खोटी वाटते. पुलापलीकडे, आपल्या गावी, स्टेशनसमोरच्या हॉटेलात अडतीस वर्षं ज्यांनी अख्ख्या गावाला पाजलं, त्यांनी स्वतः कधी जिभेला लावली नाही. सगळं काम नाकाने आणि कानाने. शेकर कानाशी धरून हलवायचे. बर्फ खडखड करतोय तोवर कच्चं, खसखस करायला लागला की झालं. आणि आपल्या घरात पिणारं माणूस एकच, ते म्हणजे आपली आई! रविवारी दुपारची जेवणं आटोपली की एक ग्लास. जिन, लिंबू, चिमूटभर साखर, आणि संत्र्याच्या साली तीन आठवडे मुरवून नानांनी केलेल्या कडू अर्काचे सात थेंब. आपल्या दोघींना जिन आणि अर्क वगळून उरेल ते मिळायचं. म्हणजे लिंबाचं सरबतच, पण शेकरमध्ये हलवलेलं, त्यामुळे आपणही ते पिऊन मोठ्या माणसांसारखा उसासा टाकायचो. तू तर आईच्या चपला घालून उसासा टाकायचीस. मला हल्ली हे फार आठवतं. रविवारी दुपारी भांडी घासताना मी मधेच नळ बंद करते आणि कान देते. कसला तरी आवाज यायचा राहिलाय असं वाटत राहतं.

नानांचंही रविवारी दुपारी तेच व्हायचं. एरवी शहाण्यासारखे राहतात. पेपर वाचतात, समोरच्या गॅरेजवाल्याला खिडकीतून सल्ले देतात. पण रविवारी जेवण झालं की चुळबुळ सुरू. उठायचे, बसायचे, ट्रंक उघडायचे, शेकरमध्ये नुसतं पाणी घालून हलवायचे, पाणी बेसिनमध्ये ओतायचे, शेकर पुसून पुन्हा टॉवेलात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हा आवाज कसला म्हणून विचारलं. तुला आमच्या ह्यांचा स्वभाव माहीत आहे. वजनमापं तपासणारा माणूस, खोटं बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. हे म्हणाले, नाना व्यायाम करतात. (काकूंनी स्वतःच्या सासऱ्यांसाठी व्यायामाचं ते भांडं कुठे मिळतं म्हणून विचारलं.) शेवटी एका रविवारी मीच नानांना विचारलं, काय होतंय? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक ग्लास करायचा राहिलाय."

आई गेली त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. जेवण झाल्यावर ती नेहमीसारखी खुर्ची ओढून बसली, आणि तेवढ्यात हॉटेलातून बोलावणं आलं, मोठी पार्टी होती, हाताखालची दोन माणसं आली नव्हती. नाना चपला घालता घालता म्हणाले, पुढच्या रविवारी दोन करतो. मंगळवारी तिला इस्पितळात नेलं, गुरुवारी ती गेली. दोनांतला एक ग्लास मी उगाच वाढवून बोललो होतो, असं नाना म्हणतात, पण एक खराच राहिला. हे त्यांनी मला सात वर्षांनी सांगितलं, ताई, तेसुद्धा खिडकीला. मी नुसतीच बाजूला उभी होते.

आता तू म्हणशील, एवढंच ना, मग करायचा की एक ग्लास. मलाही तसंच वाटलं होतं. मी औषधवाली. थेंब मोजण्यात माझा हात कोण धरणार? कायदा मोडायचा नाही, तेव्हा बिनदारूची जिन आपणच बनवू असं मी ठरवलं. धन्याचं पाणी, नीलगिरीचे दोन थेंब, कडूपणाला कोयनेलच्या गोळीचा चुरा, आणि घशाला थोडं झोंबावं म्हणून आल्याचा रस. नऊ दिवसांत नऊ प्रकार झाले. प्रत्येक बाटलीला मी सवयीने चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली, खाली "हलवून घ्यावे" लिहिलं. नानांचं ते दोन तोंडांचं माप ह्यांनी कचेरीत नेऊन तपासलं, तर ते दोन मिलिलिटरने मोठं निघालं. हे अस्वस्थ झाले, जप्त करायची भाषा करू लागले. नाना शांतपणे म्हणाले, गिऱ्हाईकाला दोन मिलिलिटर जास्त गेले तर ते फसत नाही, परत येतं. ह्यांनी माप ट्रंकेत परत ठेवलं. मग मी नवव्या बाटलीतलं एक पेलाभर नानांपुढे ठेवलं. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले. डोळे उघडून म्हणाले, "औषध उत्तम झालंय. आजारी कोण आहे?"

त्यातच कुणीतरी (काकूंवर माझा संशय नाही, खात्री आहे) दारूबंदी खात्याला कळवलं. बुधवारी दुपारी दोन माणसं दारात. फडताळात चिठ्ठ्या लावलेल्या नऊ बाटल्या ओळीने उभ्या, बाजूला शेकर, मी घामाघूम. नऊही बाटल्यांना लाख लावून ते प्रयोगशाळेत घेऊन गेले. आठ दिवस मी इस्पितळात गोळ्या मोजताना चुकत होते. मग निकाल आला, तो मी जपून ठेवलाय. मद्यार्क शून्य, आणि खाली शेरा, "तथापि पेय म्हणून सेवनास अयोग्य." सरकारने माझ्या नऊ दिवसांच्या मेहनतीला मारलेला हा शिक्का ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. नाना इतके हसले, इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. ह्या घरात आल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. म्हणून मी तो अपमान गिळला.

मग मी रीतसर मार्गाला लागले. आमच्याकडे प्रकृतीसाठी परवाना मिळतो. त्यासाठी अर्जदार पन्नाशीच्या पुढचा हवा आणि दारूवाचून त्याचं चालत नाही असा डॉक्टरचा दाखला हवा. वयाची अट नानांनी एकोणतीस वर्षांनी जास्तच पुरी केली आहे. अर्जात रकाना होता, "व्यसन किती वर्षांपासून?" नानांनी थरथरत्या हाताने मोठा गोल काढला. कारकून म्हणाला, आजोबा, शून्य लिहिलंत तर शून्यच मिळेल. मी कानात सांगितलं, अडतीस लिहा, तेवढी वर्षं त्यातच तर होतात. तर ते खुर्चीतून उठले. अडतीस वर्षं मी दुसऱ्यांना "आता पुरे" म्हणत आलो, माझ्या नावापुढे व्यसन मी लिहू देणार नाही, म्हणाले. तरी डॉक्टरकडे नेलंच. त्याने तपासलं, रक्त काढलं, आणि हळहळून मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या वयात इतकं निरोगी यकृत त्याने पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याचा नाइलाज आहे. वडील ठणठणीत आहेत हे ऐकून रडकुंडीला आलेली मुलगी त्याने तरी पहिल्यांदाच पाहिली असेल.

तुमच्या प्रांतात आणावं नानांना, असंही मनात आलं. तुमच्याकडे घरात दोन बाटल्या ठेवता येतात. पण आई गेल्यानंतर आलेला तो नवा नियम तुला ठाऊक असेल, घरात एका बाटलीतलं दुसऱ्या बाटलीत मिसळलं की ती "निर्मिती", तिला कारखान्याचा परवाना लागतो. जिनमध्ये संत्र्याची साल बुडवली की तू कारखानदारीण. शाळेच्या मुख्याध्यापिकेला ते कसं शोभेल, असं मी ह्यांना म्हटलं. हे नुसते बघत राहिले माझ्याकडे. अडचण काही नियमाची नव्हती. आई गेली त्या संध्याकाळी तू सगळ्यांसमोर नानांना म्हणालीस, "आयुष्यभर परक्या माणसांसमोर उभे राहिलात, आईसमोर कधी बसलात का?" त्यानंतर तू मला दर आठवड्याला फोन करतेस, सगळ्यांची चौकशी करतेस, ह्यांच्या दाढेचीसुद्धा. नाना काय करतात, हे सात वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. मग त्यांना घेऊन मी तुझ्या दारात कशी उभी राहू? तुझ्याकडे यायचा रस्ता पुलावरूनच जातो, ताई, पण पुढे कसं जायचं ते मला माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो. पूल ओलांडल्यावर तुमचा प्रांत लागायच्या आधी ती मधली पट्टी आहे ना, जिचा कारभार निराळा, तिथे सगळं खुलं. पण तिथलाही कायदा वाकड्या शेपटीचाच. दुकानात बसून प्यायला मुभा, घरी न्यायला बंदी. आणि पेयं मिसळायची ती फक्त परवाना असलेल्या माणसाने, तो परवाना साठीला संपतो. रविवारी जेवून आम्ही तिघं बसने गेलो. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, ट्रंक मांडीवर. पुलाच्या पायथ्याशीच एक छोटा बार आहे, चार टेबलं, आणि गल्ल्यावर स्वेटर विणत बसलेली जाडजूड मालकीणबाई. मी तिला सगळं सांगितलं. (सांगताना आईचा विषय आला तिथे मी रडले, ते इथे लिहीत नाही.) तिने सुया खाली ठेवल्या, नानांचं वय विचारलं आणि कपाळाला हात लावला. मग गल्ल्याखालून नियमांचं पुस्तक काढून चष्मा लावून वाचत बसली. दहा मिनिटांनी तिने बोट ठेवलं. परवानाधारकाच्या देखरेखीखाली शिकाऊ माणसाला काम करता येतं, आणि शिकाऊ माणसाला वयाची अट घालायचं कायदा करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

तिथेही अर्ज होता. रकाना, "कामाचा पूर्वानुभव." अनुभव लिहिला तर शिकाऊ होता येत नाही. त्या व्यसनाच्या रकान्याची आठवण होऊन मी डोळे मिटून घेतले. नानांनी पेन घेतलं, बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, "शिकतो आहे." मला म्हणाले, "हे खोटं नाही."

आणि मग ते गल्ल्यामागे गेले. मी तुला खोटं सांगणार नाही, त्यांचा हात जादूने थांबला वगैरे काही झालं नाही. पहिल्या खेपेला अर्धी जिन ओट्यावर सांडली. दुसऱ्यांदाही. मग त्यांनी मला आत बोलावलं, तू औषधवाली आहेस, तू मोज. मी मोजत गेले, ते सांगत गेले. लिंबू मी कापलं, तेव्हाच करंगळी कापली. अर्क कंपनीच्या बाटलीतला होता, त्याचा वास घेऊन त्यांनी नाक मुरडलं आणि जावई पसंत नसलेल्या बापासारखे "चालेल" म्हणाले. सात थेंब. मग शेकर उचलून कानाशी धरला आणि म्हणाले, माझा हात आता आपोआपच हलतो, फक्त भांडं द्यायचं. टेबलांवर चार ट्रकवाले होते, त्यांनी बोलणं थांबवलं. खडखड, खडखड, आणि मग, ताई, खसखस. मी सात वर्षं नळ बंद करून जो आवाज शोधत होते तो तिथे, पुलाच्या पायथ्याशी, एका परक्या बाईच्या दुकानात सापडला. ह्यांनी खिशातून रुमाल काढून स्वतःचाच चष्मा चार वेळा पुसला.

ग्लास भरला. आता तो प्यायचा कोणी? नाना पीत नाहीत. ह्यांना घोटभर सोड्यानेही ठसका लागतो. तेव्हा नानांनी खुर्ची ओढून मला बसवलं, ग्लास समोर ठेवला आणि स्वतः माझ्यासमोर बसले. मी घोट घेतला. ताई, इतकं वाईट चवीचं मी आयुष्यात काही प्यायले नाही! (सव्वीस वर्षं काढे चाखले आहेत.) कडू, आंबट, जिभेपासून कानापर्यंत कळ. माझा चेहरा बघून नानांनी मान हलवली.

"तिलाही आवडायचं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, काहीतरीच काय, दर रविवारी प्यायची!

मग त्यांनी सांगितलं. बुधवारी इस्पितळात, जायच्या आदल्या दिवशी, आईने त्यांना जवळ बोलावून सांगितलं होतं की तुमचं ते पेय मला पहिल्या दिवसापासून कडू लागतं. एका घोटात संपवता येत नाही म्हणूनच मी ते घेत राहिले. ग्लास संपायला अर्धा तास लागायचा, आणि तो संपेपर्यंत तुम्ही समोर बसायचात. आठवड्यातून तेवढेच बसायचात. सरबत असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं.

मी तो ग्लास अर्धा तास पुरवला. नाना समोर बसून होते, हात टेबलावर थरथरत होता, मी तो धरला नाही, आई धरत नसे. आम्ही काय बोललो असू? विशेष काही नाही. ट्रकवाल्यांपैकी एकाने येऊन तेच मला करून द्या म्हटलं, तर नाना म्हणाले, नको बाबा, तुला गाडी चालवायची आहे, आणि लिंबूसोडा पुढे केला.

परतताना पुलावरच्या नाक्यावर अडकलोच. तोच हवालदार. माझ्या तोंडाला वास. आता त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की पलीकडे कायद्याने प्यायलेली दारू पोटात घालून अलीकडे आणणं म्हणजे दारू बाळगणं होतं का? त्याने साहेबांना फोन केला, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. कायद्यात "दारू सोबत बाळगणे" असं आहे, त्यातल्या "सोबत" ह्या शब्दाचा अर्थ लागेना. (पोट माणसाच्या सोबत असतं की माणूसच असतं, ह्यावर दोन साहेबांचं भांडण झालं म्हणे.) शेवटी असं ठरलं की ती शरीरातून निघून जाईपर्यंत मी पुलाच्या पलीकडच्या टोकाला बाकावर बसायचं, म्हणजे गुन्हा घडतच नाही. आम्ही तिघं अडीच तास बाकावर बसलो. खाली नदी, समोर आमचा कोरडा प्रांत, पाठीमागे तुझा. ह्यांनी नाक्याच्या वजनकाट्यात चूक शोधून काढली आणि हवालदाराशी मैत्री केली.

त्या बाकावर नानांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, आणि खरं तर तिच्यासाठी हे पत्र आहे. गुरुवारी आई गेली तेव्हा ते तिथे नव्हते, हॉटेलात होते, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. तू त्यांना त्याबद्दल माफ केलं नाहीस, आणि मी माफ केल्यासारखं दाखवलं. ते कामावर गेले नव्हते, ताई. बुधवारी आईचं ते बोलणं ऐकल्यावर गुरुवारी सकाळी ते बारच्या चाव्या परत द्यायला गेले होते. नोकरी सोडून. आता रोज समोर बसतो, असं तिला सांगून गेले होते. ती म्हणाली होती, रोज पाजू मात्र नका. चाव्या देऊन, हिशेब आणि सह्या करून ते संध्याकाळी परत आले, तोवर तू दारात उभी होतीस आणि ते वाक्य बोललीस. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत ताईला? नाना म्हणाले, ती म्हणाली त्यात खोटं काय होतं? अर्धा तास म्हणजे काही बसणं नव्हे.

मला तिथे काही बोलता आलं नाही. तुला तरी येईल का, ते तू बघ.

बाकी इकडे ठीक. ह्यांची दाढ काढली. काकूंच्या सासऱ्यांना मी शेकर दिला नाही. गुडघ्याला जप, तेल लाव.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्याकडून काही हवंय म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तू ये, असं तर मुळीच म्हणत नाही. शाळेच्या परीक्षा जवळ आल्यात, मला कळतं.

आणखी ता. क. वरचा ता. क. खोटा आहे. खोडणार होते, पण खाडाखोड केली की तू गुण कापतेस.

शेवटचा ता. क. काल नानांनी मला विचारलं, ताई दुपारचं काय घेते? मी म्हटलं, चहा घेत असेल. त्यांनी विचारलं, साखर किती? मला सांगता येईना. तू घर सोडलंस तेव्हा दोन चमचे घ्यायचीस, पण त्याला एकतीस वर्षं झाली. त्यांना माहीत नाही, मलाही नाही, ह्या गोष्टीचं दोघांनाही इतकं वाईट वाटलं की आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही. तेव्हा तेवढं कळव. मात्र मला नको, त्यांना सांग. दुपारी चार ते पाच मी कामावर असते, हे बाहेर असतात, घरी फक्त नाना. त्यांना खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो, आणि उचलताना एकदा तरी हातातून सुटतो. दहा-बारा वेळा वाजू दे. ठेवू नकोस.